राजमाचीखालचे कोंढाणे

कोंढाणे हे रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातले, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याचे छोटे गाव. कर्जत स्टेशनातून आग्नेयेला कोंदिवड्याच्या रस्त्याने निघाले की आधी भाताची सपाट खाचरे लागतात. उल्हास नदी कधी डावीकडून, कधी उजवीकडून सोबत करते आणि दोन्ही बाजूंचे डोंगर हळूहळू अंगावर येऊ लागतात. सपाटी संपून चढ सुरू होतो त्या जागी कोंढाणे आहे. माथ्यावर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. दरीच्या पलीकडच्या भिंतीवर खंडाळ्याचा लोहमार्ग. दरीच्या टोकाशी लोणावळा-खंडाळ्याचे पठार, म्हणजे पुणे जिल्हा. नकाशात ही दरी कोकणातून देशावर चढणाऱ्या बोळासारखी दिसते, पण गाडीरस्ता इथेच संपतो आणि पुढे पायवाटच उरते. सिंहगडाचे जुने नावही कोंढाणाच असल्याने बाहेरच्यांचा घोळ होतो. तो कोंढाणा वेगळा, हे कोंढाणे वेगळे.

या गावाबद्दल जे काही लिहिले जाते ते बहुधा लेण्यांपुरते आणि पावसाळ्यातल्या धबधब्यापुरते असते. खरे तर या दरीतून गेली दोन हजार वर्षे काही ना काही वाहतच आले आहे. व्यापाऱ्यांचे तांडे गेले, भिक्षू आले, फौजा चढल्या-उतरल्या, आगगाडी आली, आणि पाणी तर दरवर्षी वरून खाली जातेच. यातले गावाच्या वाट्याला किती थांबले हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

दरीची घडण समजली की गावाचे बरेचसे जगणे समजते. सह्याद्रीचा हा भाग काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे एकावर एक थर साचून तो बनला. सगळे थर सारखे कठीण नाहीत. कठीण थर उभे कडे होऊन राहिले, ठिसूळ थर झिजून त्यांच्या सपाट्या झाल्या. अशा सपाटीला माची म्हणतात. राजमाचीखालचे उधेवाडी हे गाव अशाच एका माचीवर वसले आहे. ते पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात मोडते. म्हणजे कोंढाणे आणि उधेवाडी ही एकाच डोंगराची खालची आणि वरची गावे, पण तालुका वेगळा, जिल्हा वेगळा आणि सरकारी कामासाठी गाठायचे गावही वेगळे. श्रीवर्धनचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर आहे आणि कोंढाणे जवळजवळ कोकणच्या तळाशी. मधली सगळी उंची चालणाऱ्याला काही तासांत चढावी लागते.

कर्जत भागात पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घाटमाथ्यावर तो आणखी जास्त. एवढे पाणी पडूनही एप्रिल-मे महिन्यांत तालुक्यातल्या कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. कारण पायाखालीच आहे. हा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही, उतार तीव्र, मातीचा थर पातळ. पडलेले पाणी काही तासांत ओढ्यात, ओढ्यातून उल्हासमध्ये आणि तिथून खाली निघून जाते. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात. होळीच्या सुमारास वरच्या भागात उल्हास डोहांपुरती उरते. मग बायका नदीच्या पात्रात वाळू उकरून डवरे खणतात आणि वाटीवाटीने पाणी भरतात.

उल्हास राजमाची-लोणावळ्याच्या डोंगरातच उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा सुमारे १२२ किलोमीटरचा प्रवास करून ती वसईच्या खाडीला मिळते. बदलापूरजवळ तिचे पाणी अडवून आजूबाजूच्या शहरांना पुरवले जाते. उल्हासनगरच्या पुढे ती किती मैली होते हे सर्वांना माहीत आहे. कोंढाण्याजवळची उल्हास पाहिलेल्या माणसाला ही तीच नदी हे पटणे अवघड. तिचा दुसरा चेहरा २७ जुलै २०१९ रोजी दिसला. त्या दिवशी वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी व हेलिकॉप्टरच्या साहाय्याने सोडवावे लागले.

शेजारच्या दोन नद्यांची गोष्ट निराळी आहे. भिवपुरीला टाटांचे वीजघर १९२२ मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावर आंद्रा नदीचे पाणी ठोकरवाडीला अडवून ते नळांतून खाली सोडले जाते आणि वीज करून झाल्यावर पेज नदीत येते. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीचे वीजघर त्याहून जुने, १९१५ चे; त्याचे पाणी पाताळगंगेला मिळते. देशावरून पूर्वेकडे जाणारे पाणी असे पश्चिमेकडे वळवल्यामुळे पेज आणि पाताळगंगा भर उन्हाळ्यातही वाहत्या असतात. पेजेच्या काठी उन्हाळी भात दिसते, वरच्या उल्हासकाठी दिसत नाही, त्यामागे मुख्य कारण हेच. एकाच तालुक्यातल्या दोन खोऱ्यांचे नशीब शंभर वर्षांपूर्वीच्या एका विजेच्या योजनेने ठरवले.

गावाचे वर्ष भाताभोवती फिरते. त्याची सुरुवात पावसाने होत नाही; ती होते भर उन्हात, राब भाजण्याने. शेताच्या एका कोपऱ्यात शेण, झाडांचे कवळ, पालापाचोळा, गवत आणि वर बारीक माती असे थर लावून ते पेटवतात. आग मंद, धुमसती असावी लागते. भाजलेल्या जमिनीतले तणाचे बी मरते, राख खताचे काम करते आणि माती भुसभुशीत होते. कवळासाठी झाडे छाटावी लागतात म्हणून वनखात्याचा आणि काही कृषितज्ज्ञांचा राबाला पूर्वीपासून विरोध आहे. शेतकऱ्याचे उत्तर साधे असते. तण काढायला माणूस आणायचा कुठून?

मृगाच्या आगेमागे राबात बी पडते. तीन-चार आठवड्यांत आवण, म्हणजे भाताची रोपे, हातभर होते. मग चिखलणी, आवण उपटून मुठी बांधणे आणि लावणी. लावणीचे पंधरा-वीस दिवस गावात दुसरे काम नसते. वाकून लावणाऱ्या बायकांच्या पाठीवर पूर्वी पानांची इरली असत, आता प्लास्टिक असते. पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे अंडी घालायला ओढ्यांत आणि खाचरांत चढतात. त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. एका रात्रीत सगळी वाडी कंदील, बॅटऱ्या आणि जाळी घेऊन पाण्यात उतरते. अंड्यांवर आलेले मासेच असे धरले गेल्याने पुढच्या वर्षीचे मासे कमी होतात, हे धरणाऱ्यांनाही ठाऊक असते. पण चार महिने मीठ-भाकरीवर काढलेल्या घरात ते कुणी बोलून दाखवत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. भारे खळ्यावर येतात, झोडणी होते, पेंढ्याच्या उडव्या रचल्या जातात. ओल टिकून असलेल्या खाचरात लगेच वाल टाकतात. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावायची. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी भरून, मडके उपडे ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पाणी आणि तेल दोन्ही लागत नाहीत. रायगडच्या या शेतातल्या जेवणाला आता रिसॉर्टच्या जाहिरातीतही जागा मिळाली आहे.

भाताच्या अभ्यासात कर्जतचे नाव राज्यभर माहीत आहे. इथले भात संशोधन केंद्र स्वातंत्र्यापूर्वीचे. आज ते दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे असून तिथून निघालेले ‘कर्जत’ नावाचे अनेक वाण कोकणभर पेरले जातात. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी, चिखलणी आणि लावणी ही तिन्ही कामे टाळून कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेण्याची पद्धत विकसित केली. तिला सगुणा राइस टेक्निक म्हणतात. मजूर मिळेनासे झालेल्या काळात तिचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तणनाशकावर तिचा भर असतो, ही तिची अडचण. कोंढाण्यासारख्या दरीतल्या लहान, उतरत्या तुकड्यांत मात्र अजून जुनीच लावणी जास्त दिसते.

खाचरे सपाटीला. उतारावर वरकस जमीन, तिथे नाचणी आणि वरी. याखेरीज रायगडात दळी नावाचा एक प्रकार आहे. दळी म्हणजे डोंगरउतारावर वनखात्याच्या हद्दीत आदिवासींना कसायला मिळालेले तुकडे. या जमिनीचा हक्क कुणाचा, हा वाद इंग्रजांच्या काळापासून चालत आला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर दाव्यांची प्रकरणे सुरू झाली, काहींना पट्टे मिळाले, काहींचे कागद फिरत राहिले.

जमिनीच्या या पायऱ्या माणसांच्या वस्तीतही दिसतात. या पट्ट्यात सपाटीवरच्या गावांमध्ये मराठा, कुणबी, आगरी अशी शेतकरी घरे असतात. उतारावर आणि जंगलाच्या कडेला ठाकरांच्या, महादेव कोळ्यांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. गाव आणि वाडी हे दोन वेगळे शब्द इथे अंतरापेक्षा जास्त काही सांगतात. गावाला रस्ता, शाळा आणि नळ आधी मिळतात, वाडीला नंतर. ठाकर हे बहुधा वरकसाची शेती, जंगलातला रानमेवा आणि मजुरी यांवर जगणारे. त्यांची जुनी घरे कारवीच्या काठ्यांच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. वाळलेल्या सरळ काठ्या कुडाला उत्तम. दिवाळीच्या आधी वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाघ कधीचा गेला, पण बिबट्या आहे आणि शेरडे त्याला अजून आवडतात.

कातकऱ्यांचा जुना धंदा खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा. जंगलाचे कायदे आले तसा तो बुडाला आणि बहुतेक समाज भूमिहीन राहिला. केंद्र सरकारने महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित मानले त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर जातात. वाडीवरच्या शाळेचा पट डिसेंबरात कसा रोडावतो याचे उत्तर या उचलीत आहे.

रानात ऐन, किंजळ, साग, कुंभा, पळस, मोह, जांभूळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलतात तेव्हा झाडांवर पान नसते आणि सगळा डोंगर लालभडक दिसतो. कर्जतच्या पुढच्या स्टेशनाचे पळसदरी हे नाव तेव्हा डोळ्यांनाच पटते. मे महिन्यात करवंदे आणि जांभळे टोपल्यांतून कर्जत स्टेशनावर उतरतात. पावसाच्या सुरुवातीला शेवळे, मग टाकळा, भारंगी, कुर्डू, करटोली. शेवळांची खाज मोडायला काकडे घालावी लागतात, म्हणून दोन्ही एकाच टोपलीत विकायला येतात. मेअखेरीस, पहिल्या सरींच्या सुमारास, राजमाचीच्या झाडांवर काजवे लक्षावधींनी चमकतात. आता त्यासाठी शहरांतून गाड्यांची रांग लागते, आणि गाड्यांच्या दिव्यांत काजव्यांचे काय होत असेल, याची चिंता आयोजकांनी करायला हवी तितकी ते करत नाहीत.

गावातून राजमाचीकडे चढू लागले की तासाभराच्या आत कोंढाण्याची लेणी येतात. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली ही हीनयान बौद्ध लेणी आहेत. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल सह्याद्री चढून जुन्नर, पैठण, तेरकडे जात असे. घाटवाटांच्या दोन्ही तोंडांशी लेण्यांची ठाणी उभी राहिली. घाटावर कार्ले, भाजे, बेडसे, आणि घाटाखाली कोंढाणे. व्यापाऱ्यांना मुक्काम, भिक्षूंना दान असा हा व्यवहार होता. पावसाळ्याचे महिने भिक्षूंनी एकाच जागी घालवावे, असा बौद्ध संघाचा नियम; साडेतीन हजार मिलिमीटर पावसाच्या दरीत कातळाच्या पोटात खोल्या का खोदल्या, हे त्यावरून उमगते.

यातले चैत्यगृह प्रमुख. सुमारे ६६ फूट खोल, २६ फुटांहून थोडे रुंद आणि २८ फूट उंच. टोकाला स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. खांबांचा खालचा भाग पाण्याने खाल्ला आहे. काही तर छताला लटकल्यासारखे दिसतात. खरा विस्मय दर्शनी भागाचा. कारागिराच्या डोळ्यांसमोर लाकडी इमारत होती आणि तीच त्याने दगडात उतरवली. कठड्यांच्या पट्ट्या, लहान लहान कमानी, पुढे आलेल्या तुळया, जाळीच्या खिडक्या, सगळे सुताराच्या हातचे वाटावे असे. दगडाच्या छताला तुळयांची काहीच गरज नसते, तरीही त्या कोरल्या. खऱ्या लाकडाच्या फासळ्याही कमानीत बसवलेल्या होत्या आणि त्यांचे काही अवशेष इतक्या दमट हवेतही टिकून राहिले. कठड्यांच्या मधल्या चौकटींत नाचणारी जोडपी आहेत. एखाद्या पुरुषाच्या हाती धनुष्य आहे. संन्याशांच्या मठावर हे नृत्य कसे, असे आजच्या पाहणाऱ्याला वाटते. दान देणारे संसारी होते, एवढे लक्षात घेतले की ते खटकत नाही.

चैत्याच्या डाव्या बाजूला एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मीतला छोटा लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कामावर काम करणाऱ्याचे नाव असावे ही दुर्मीळ गोष्ट आहे. राजांची आणि दात्यांची नावे पुष्कळ सापडतात. कारागिराचे नाव क्वचित. बलकाने स्वतः छिन्नी धरली की काम करवून घेतले यावर अभ्यासक वाद घालू शकतात, पण या दरीतल्या माणसांपैकी ज्याचे नाव आज वाचता येते असा तो पहिला.

शेजारचा विहार चैत्याइतकाच पाहण्याजोगा. मधले दालन, त्यात खांब, आणि तिन्ही बाजूंना मिळून अठरा खोल्या. छताला इथेही लाकडी तुळयांची नक्कल. लेण्यांवरचा कडा पुढे झुकलेला आहे. पावसाळ्यात त्यावरून धबधबा कोसळतो आणि चैत्याच्या तोंडावर पाण्याचा पडदा उभा राहतो. फोटो सगळे याच पडद्याचे निघतात. लेण्यांची झीजही त्याच पाण्याने केली आहे. इंग्रजी अमदानीत ही लेणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या विष्णुशास्त्र्यांमुळे उजेडात आली. त्यानंतर ठाण्याचे कलेक्टर लॉ यांनी ती पाहिली, आणि जेम्स बर्जेस व जेम्स फर्ग्युसन यांच्या १८८० च्या ग्रंथात त्यांचे तपशीलवार वर्णन आले. त्या वेळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते कुलाबा जिल्ह्याला जोडले गेले आणि १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे नाव रायगड झाले. आता लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.

लेण्यांवरून वाट राजमाचीला जाते. बोरघाटाच्या वाहतुकीवर नजर ठेवणारा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतला, आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. दोन बालेकिल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ आहे, उधेवाडीला तळे आणि शंकराचे मंदिर. लढाईची मोठी नोंद या परिसरात राजमाचीपेक्षा खालापूर तालुक्याकडे आहे. चावणी गावाजवळच्या उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांच्या सैन्याने मोगल सरदार कारतलबखानाची मोठी फौज दाट जंगलात कोंडून तिला शरण आणले. घाट उतरणाऱ्या सैन्याला पाणी आणि वाट या दोन्ही गोष्टी नाकारता येतात, हे ओळखणाऱ्याने हा भूगोल पायांनी वाचला होता.

दरीच्या दक्षिण भिंतीवरचा लोहमार्ग ही या परिसरातली माणसाने केलेली सर्वांत मोठी उलथापालथ. कल्याणहून कर्जतमार्गे खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ मध्ये पोहोचली होती. घाट चढवण्याचे काम त्याच वर्षी सुरू झाले. सुमारे २५ किलोमीटरच्या चढात १,८३१ फूट उंची गाठायची होती; पंचवीस बोगदे खोदले गेले, सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक. १८६१ मध्ये इथे एका वेळी ४२ हजारांवर मजूर राबत होते. पटकी, ताप आणि सुरुंगाचे अपघात यांत सुमारे २४ हजार माणसे मेली असा अंदाज दिला जातो. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुरे करून दाखवले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. गाडीची दिशा उलटवण्याचे मध्यंतरीचे रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ मध्ये नव्या वळणमार्गाने रद्द केले.

मुंबईहून पुण्याला जाताना डाव्या खिडकीतून ठाकूरवाडी ते मंकी हिल दरम्यान जी दरी दिसते ती ही उल्हासची दरी, आणि पलीकडचे दोन सुळके राजमाचीचे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडली जातात. त्या थांब्यावर एकेकाळी निम्मी गाडी बटाटावड्यासाठी फलाटावर उतरत असे. कोंढाण्याच्या शेतात काम करणाऱ्यांना दिवसभर गाड्यांचा आवाज येतो. गाडी पकडायला मात्र त्यांना कर्जत गाठावे लागते.

विजेचेही असेच. खोपोली आणि भिवपुरीची वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तारांखालच्या वाड्यांत ती यायला कित्येक दशके लागली. माथेरानला जन्मलेले वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी कर्जत भागात शेतकरी आणि आदिवासींसाठी शाळा व धान्यकोठीचे काम उभे केले होते. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या आझाद दस्त्याने याच विजेचे मनोरे पाडले. मुंबईचा पुरवठा तुटला की सरकारला जाग येईल, हा हिशेब होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील मारले गेले. कर्जत-मुरबाड पट्ट्यात ही नावे आजही घराघरांत माहीत आहेत.

रेल्वे आणि वीज यांच्यानंतर, गेल्या तीस-चाळीस वर्षांत या दरीला तिसरा ग्राहक मिळाला आहे. कर्जत-कोंदिवडे रस्त्यावर फार्महाऊस, रिसॉर्ट आणि प्लॉटिंगचे फलक रांगेने लागतात. जमीन विकून काहींनी पक्की घरे बांधली, मुलांना रिक्षा किंवा टेम्पो घेऊन दिले. काही जण विकलेल्याच जमिनीवर माळी-वॉचमनची नोकरी करतात. शनिवार-रविवारी पावसाळी गर्दी एवढी होते की अपघातांमुळे प्रशासनाला धबधब्यांवर मनाई आदेश काढावे लागतात. उतारांचा धोका गर्दीपुरता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडी या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नसल्याने बचावपथकांना डोंगर चढून जावे लागले. सह्याद्रीच्या कुशीतल्या प्रत्येक वाडीला तेव्हापासून मुसळधार पावसाची रात्र वेगळी वाटते, आणि धोक्याच्या वस्त्यांची पाहणी-पुनर्वसन ही सरकारी कामे अधूनमधून जोर धरतात.

कोंढाण्याचे नाव वर्तमानपत्रांत सर्वाधिक आले ते धरणामुळे. कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने २०११ मध्ये उल्हासवरच्या कोंढाणे धरणाचे काम दिले. आधी ठरलेली सुमारे ३९ मीटरची उंची ७१ मीटरवर नेली गेली, खर्च अनेक पटींनी वाढला, आणि वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झाल्याचा आरोप झाला. राज्यभर गाजलेल्या सिंचन घोटाळ्याच्या चर्चेत हे धरण ठळक उदाहरण ठरले. काम थांबले, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची चौकशी झाली, प्रकरण न्यायालयात गेले. नंतर प्रकल्प सिडकोकडे सोपवण्याचा निर्णय झाला. पाणी नवी मुंबई आणि तिथल्या विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रासाठी.

धरण झाले तर दरीतली खाचरे आणि वाड्या पाण्याखाली जातील, आणि अडवलेले पाणी दुसऱ्या खोऱ्यातल्या शहरांकडे नेले जाईल. धरणाच्या बाजूने बोलणारे वाढत्या नवी मुंबईची तहान दाखवतात, आणि ती खोटी नाही. गावकऱ्यांच्या मागण्याही नव्या नाहीत: पुनर्वसन आधी, मोबदला आजच्या भावाने, दळी कसणाऱ्यांची नावे यादीत, आणि साठवलेल्या पाण्यातला ठरावीक वाटा कर्जत तालुक्याला. पेज नदीच्या काठी वीजघराच्या वाहून येणाऱ्या पाण्यावर उन्हाळी भात होते, हे या गावांनी शंभर वर्षे पाहिले आहे. त्यामुळे वाटा मागताना ती दूरचे उदाहरण देत नाहीत.